वाचकांचे प्रश्न : विममधल्या खिडक्या

प्रश्न : फाइलच्या सुरुवातीच्या व्याख्या समोर ठेवून शेवटचा भाग लिहायचा असतो, म्हणून तीच फाइल दोन टर्मिनलमध्ये विम या टेक्स्ट एडिटरने उघडते. दुसरीकडे ‘ई३२५’ अशी स्वॅप फाइलची (फाइल उघडी असताना विम बाजूला ठेवतं त्या तात्पुरत्या फाइलची) सूचना येते. दरवेळी ‘तरीही उघड’ म्हणायचं का?

उत्तर : अजिबात नाही. दोन विम म्हणजे एकाच मजकुराच्या दोन वेगळ्या प्रती. एकीकडचे बदल दुसरीला कळत नाहीत, आणि नंतर सेव्ह करणारी प्रत आधीचं काम पुसू शकते. सूचना त्याचसाठी आहे.

एकाच विममध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबा, दोन्ही कळा सोडा, मग एस. खिडकी वर-खाली दुभंगते. शेजारी-शेजारी हवी तर एसऐवजी व्ही. पुन्हा कंट्रोल-डब्ल्यू आणि जे म्हणजे खालच्या खिडकीत, के म्हणजे वरच्या. दोन्हींत मजकूर, म्हणजे बफर, एकच असतो. कर्सर आणि स्क्रोल तेवढे वेगळे. खाली टाइप केलेली ओळ वरच्या खिडकीत तो भाग दिसत असेल तर तिथेही लगेच उमटते. सेव्ह एकदाच करायचं.

फसगत होते ती अनडूमध्ये. अनडूचा इतिहास बफरचा असतो, खिडकीचा नाही. वर व्याख्या दुरुस्त करून खाली आलात आणि यू दाबलंत, तर ती व्याख्याच मागे जाते आणि कर्सरही तिकडे उडी मारतो. कंट्रोल-आर दाबलं की दुरुस्ती परत येते.

बंद करायला ‘:क्यू’. तोच बफर दुसऱ्या खिडकीत दिसत असेल तर सेव्ह न केलेल्या बदलांबद्दल विम काही बोलत नाही, कारण मजकूर कुठे गेलेलाच नसतो. शेवटच्या खिडकीत मात्र ‘ई३७’ म्हणून अडवतं.

प्रश्न : डावीकडची खिडकी ८० अक्षरं रुंद करून ठेवतो. आणखी एक उघडली की सगळ्या सारख्या होतात.

उत्तर : ‘इक्वलऑलवेज’ हा पर्याय मुळातच चालू असतो, त्याचा हा प्रताप. त्या खिडकीत जाऊन ८० टाइप करा, कंट्रोल-डब्ल्यू, मग उभी रेघ. नंतर तिथेच ‘:सेटलोकल विनफिक्सविड्थ’ द्या (पर्यायाचं नाव सलग, मध्ये जागा नको). आता बाकीच्या आपापसांत वाटणी करतील, ही हलणार नाही. इक्वलऑलवेज पूर्ण बंदही करता येतो, पण मग प्रत्येक नवी खिडकी चालू खिडकीचीच अर्धी जागा घेते आणि चौथ्या-पाचव्या खिडकीला पट्ट्या उरतात. आम्ही पहिलाच मार्ग सुचवू.

ओळींचे क्रमांक चालू असतील तर तो रकाना या ८० मध्येच मोजला जातो. तो किमान ४ अक्षरांचा असतो, म्हणून मजकुराला ७६ उरतात. पूर्ण ८० हवी असतील तर ८४ द्या.

प्रश्न : खिडकी दुभंगताना कधीकधी टर्मिनलच गोठतं.

उत्तर : डब्ल्यूनंतर कंट्रोल सोडायचा राहिला आणि एस दाबला गेला. कंट्रोल-एस म्हणजे बऱ्याच टर्मिनलांत ‘दाखवणं थांबव’ हा हुकूम. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. तोवर इतर कळा बडवू नका. त्या रांगेत थांबतात आणि सुटल्यावर एकामागोमाग चालतात.