टेहळणीचं ‘ट्रूप’: तुकडी, पथक की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या टेहळणी दलांवरचा मजकूर मराठीत लिहिताना ‘ट्रूप’ आणि ‘स्क्वाड्रन’ या दोन्हींना ‘तुकडी’ म्हटलं तर चालेल का? आणि आर्मर्ड कार, स्काउट कार, गनर यांचं काय करायचं?

‘तुकडी’ सरसकट चालणार नाही. अडचण मराठीची नाही, मूळ शब्दच देशागणिक माप बदलतात. ब्रिटिश चिलखती गाड्यांच्या रेजिमेंटमध्ये ट्रूप म्हणजे चारपाच गाड्यांचा गट, आणि असे अनेक ट्रूप मिळून एक स्क्वाड्रन. अमेरिकी घोडदळाच्या परंपरेत मात्र ट्रूप म्हणजे अख्खी कंपनी, तर स्क्वाड्रन म्हणजे बटालियन. १९४४च्या अमेरिकी टेहळणी ट्रूपमध्ये तीन प्लाटून असत आणि एकेका प्लाटूनमध्ये तीन एम-८ चिलखती गाड्या आणि सहा जीप. म्हणजे अमेरिकी प्लाटूनच ब्रिटिश ट्रूपपेक्षा मोठी! दोन्हीकडे ‘तुकडी’ लिहिलंत, तर चार गाड्या पुढे गेल्या की तीसेक, हे वाचकाला कळायचं नाही.

हा घोळ आपल्यालाही नवा नाही. शिवकालीन पागेची जी रचना सभासद बखरीत आहे, तिच्यात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला आणि दहा जुमल्यांवर एक हजारी. गुणाकार करून पाहा, हजारीच्या हाताखाली साडेबाराशे बारगीर निघतात. पद एक आकडा सांगतं, हिशेब दुसरा. त्याच काळात किल्ल्यावरही हवालदार होता आणि त्याचं काम वेगळं होतं. आज चौकीत बसतो तोही हवालदारच. म्हणून पायऱ्यांची नावं आहेत तशीच ठेवा: ट्रूप, स्क्वाड्रन, रेजिमेंट. पहिल्या उल्लेखाला त्यात किती आणि कोणत्या गाड्या ते सांगून टाका. नेमका आकार सांगायचा नसेल तिथे ‘पथक’ बरं. पेशवाईत सरदारांची पथकं लहानमोठी असत, आणि आजचं भरारी पथकही दोघांचं असू शकतं. शब्द मुळातच सैल आहे.

आता गाड्या. इथे कामावरून नाव द्यावं. युद्धाच्या शेवटच्या काळात ब्रिटिश ट्रूपमध्ये साधारणपणे दोन डेमलर आर्मर्ड कार आणि दोन डिंगो स्काउट कार असत. डिंगो बुटकी आणि माणसं दोनच. वळणाआड डोकावून पाहणं आणि परत फिरणं हे तिचं काम. तिला मागे जायलाही पाच गिअर होते, त्यामुळे तोंड न वळवताच ती भरधाव मागे येऊ शकत असे. डेमलरमध्ये तिघं आणि दोन पौंडी तोफ. डिंगोवर गोळीबार झाला तर तिला पाठबळ द्यायचं. या गाडीलाही मागे पळण्याची सोय होती, मागच्या बाजूला दुसरं सुकाणूचक्र. (माघारीची एवढी तयारी करून पुढे जाणारं दल विरळाच.) ‘चिलखती गाडी’ डेमलरला चपखल बसतं. डिंगोलाही चिलखत होतंच, म्हणून दोघींना तेच नाव दिलं तर फरक पुसला जातो. तिला ‘टेहळणी गाडी’ म्हणा. ‘स्काउट’ नको, मराठी वाचकाला गळ्यात रुमाल बांधलेला शाळकरी मुलगा दिसेल.

गाडीतल्या माणसांपैकी ‘चालक’ निर्विवाद. ‘गनर’साठी ‘गोलंदाज’ हा अस्सल जुना शब्द आहे, तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. पण क्रिकेटने तो कायमचा पळवलाय. ‘डेमलरमधल्या गोलंदाजाने नेम धरला’ हे वाक्य मी तरी गंभीर चेहऱ्याने वाचू शकणार नाही. ‘तोफची’ लिहा, किंवा सरळ ‘गनर’. कमांडरला ‘गाडीप्रमुख’ पुरेसं आहे. एम-८मध्ये चौघं असत, तिथे तोफेत गोळा भरण्याचं कामही गाडीप्रमुखाकडेच असे. म्हणून ‘गोळा भरणारा’ असा पाचवा माणूस भाषांतरात उपटू देऊ नका. उरला बिनतारी यंत्र सांभाळणारा. ‘संदेशवाहक’ म्हटलं की चिठ्ठी घेऊन धावणारा वाटतो, त्यापेक्षा ‘रेडिओवाला’ बरा.

मुख्य शब्द ‘टेहळणी’च ठेवा. ‘पाहणी’ मंत्री पूरग्रस्त भागाची करतात. ‘रेकी’ हा लष्करी बोलीतला शब्द वर्तमानपत्रांनी दरोडेखोरांना देऊन टाकलाय, शिवाय हात ठेवून उपचार करणारी जपानी रेकी आहेच. ‘हेरगिरी’ मात्र अजिबात नको, ती चूक अर्थाची आहे. १९०७च्या हेग नियमांनुसार वेषांतर न करता, म्हणजे गणवेषात, शत्रूच्या मुलखात माहिती काढायला शिरलेला सैनिक हेर ठरत नाही. पकडला गेला तर तो युद्धकैदी. डिंगोमधल्या दोघांना हेर म्हणणं म्हणजे त्यांचं ते संरक्षणच काढून घेणं.

भारतीय रेजिमेंटबद्दल लिहिणार असाल, उदाहरणार्थ १९४५ साली ब्रह्मदेशात चिलखती गाड्यांवर लढलेली १६ लाइट कॅव्हलरी, तर काम सोपं आहे. सवार, दफेदार, रिसालदार ही पदं तिथे होतीच आणि घोडे जाऊन रणगाडे आले तरी चिलखती दलात आजही आहेत. तिथे पायदळातली ‘शिपाई’ आणि ‘सुभेदार’ ही पदं लिहिलीत, तर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर केंद्रातून निवृत्त झालेला एखादा वाचक नक्की पत्र पाठवेल.

व्याकरणाचं एवढंच: ‘तो ट्रूप’, ‘ती स्क्वाड्रन’, ‘ती रेजिमेंट’. अनेकवचन ‘तीन ट्रूप’, ‘ट्रूप्स’ नाही, कारण त्या रूपाचा अर्थ नुसता ‘सैन्य’ असाही होतो आणि मग पुन्हा गोंधळ.