‘बून’ या इंग्रजी शब्दाचे मूळ

‘बून’ म्हणजे वरदान किंवा मोठे साहाय्य, म्हणून तो ‘चांगला’ या अर्थाच्या फ्रेंच ‘बों’वरून आला असावा, असा तर्क कोणालाही सुचू शकतो. ध्वनी आणि अर्थ दोन्ही जवळचे असल्याने तो स्वाभाविक आहे, परंतु शब्दाचा उगम वेगळा आहे. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेत ‘बोन’ म्हणजे विनंती किंवा प्रार्थना. तोच शब्द इंग्रजीत ‘बून’ झाला. आइसलँडच्या भाषेत तो विनंती या अर्थाने आजही वापरात आहे.

म्हणजे आज देणाऱ्याच्या हातात दिसणारा हा शब्द मुळात मागणाऱ्याच्या तोंडचा होता. आधी मागणे, मग जे मागितले ती गोष्ट, पुढे कृपा आणि शेवटी कोणताही मोठा लाभ, असा त्याचा अर्थ सरकत गेला.

मूळ अर्थाची सर्वांत बोलकी साक्ष मला मध्ययुगीन इंग्लंडच्या शेतीत दिसते. जमीनदाराच्या शेतावर दर आठवड्याला राबणाऱ्या कुळांना नांगरणी-कापणीच्या हंगामात त्याखेरीज काही दिवस जादा काम करावे लागे, आणि त्याला ‘बून-वर्क’ म्हणत, कारण हे काम जमीनदाराने ‘विनंती’ करून मागितलेले मानले जाई. प्रत्यक्षात ती सक्तीच होती, तरी विनंतीची खूण म्हणून त्या दिवशी जेवण आणि पुष्कळदा बिअरसारखे पेय देण्याची रीत होती. लॅटिन दप्तरांत याच कामाला ‘प्रेकारिया’ म्हणत. तो शब्दही प्रार्थना करणे या क्रियापदावरूनच बनलेला आहे.

फ्रेंच शब्दाचा संबंध अगदीच नाही असे नाही. ‘बून कंपॅनियन’, म्हणजे जिवलग, आनंदी सोबती, यातला ‘बून’ खरोखर ‘बों’पासून आलेला आहे आणि तो स्वतंत्र शब्द आहे, लाभ या अर्थाच्या आपल्या शब्दावर त्याची छाया पडली असावी, असे अभ्यासक मानतात.

भाषांतर करताना हा इतिहास उपयोगी पडतो. कैकेयीने दशरथाकडे मागितलेल्या दोन वरांसाठी इंग्रजीत ‘बून’ योजतात, ते मला अत्यंत समर्पक वाटते, कारण संस्कृत ‘वर’ हा ‘निवडणे’ या अर्थाच्या ‘वृ’ धातूपासून आला असून तेथेही मागणाऱ्याची इच्छाच केंद्रस्थानी असते. मात्र वृत्तपत्रात पावसाला किंवा नव्या रस्त्याला ‘बून’ म्हटले असेल, तर तेथे कोणी कोणाकडे काही मागितलेले नसते, म्हणून ‘मोठा लाभ’ किंवा ‘मोठी सोय’ असे लिहिणे मला अधिक नेमके वाटते.