प्रत्यारोपणानंतर पुन्हा रेडिएशन कशासाठी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला होता. बहिणीच्या मूळपेशी देऊन त्याचे प्रत्यारोपण झाले. आता त्याची त्वचा ताठर झाली आहे, तोंडात व्रण होतात, डोळे कोरडे पडतात आणि स्टिरॉइड कमी केले की त्रास पुन्हा वाढतो. डॉक्टरांनी फोटोफेरेसिस सुचवले असून, गरज पडल्यास सौम्य रेडिएशन देता येईल असेही म्हटले आहे. प्रत्यारोपणापूर्वी संपूर्ण शरीराला रेडिएशन देताना त्याचे फार हाल झाले होते. कर्करोग परतला आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हे उपचार सुचवले म्हणून कर्करोग परतला, असा अर्थ मुळीच होत नाही. आपण लिहिलेली लक्षणे प्रत्यारोपणानंतरच्या दीर्घकालीन जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) या गुंतागुंतीत दिसतात. यात दात्याच्या मूळपेशींपासून तयार झालेल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाची त्वचा, तोंडाचे अस्तर, अश्रुग्रंथी यांना परके समजून इजा करतात, आणि दोन्ही उपचारांचा रोख या पेशींवरच असतो.

फोटोफेरेसिसमध्ये भावाच्या अंगावर किरण सोडलेच जात नाहीत. त्याचे रक्त यंत्रात घेऊन पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांत मेथॉक्सिसोरालेन हे औषध मिसळून त्यांना अतिनील-ए किरण देतात आणि मग त्या पेशी त्याच बैठकीत शरीरात परत सोडतात. अशा पेशी पुढे मरतात, आणि त्यांची विल्हेवाट लावताना प्रतिकारयंत्रणा शरीराच्या अवयवांबाबत हळूहळू सहनशील होत जाते, असे मानले जाते. स्टिरॉइडप्रमाणे सगळी प्रतिकारशक्ती यात दबत नाही. जंतुसंसर्ग हाच अशा रुग्णांचा मोठा शत्रू असल्याने मला हा गुण फार मोलाचा वाटतो. गुण यायला मात्र काही आठवडे, कधी महिनेही लागतात, तेव्हा तीन-चार बैठकांनंतर धीर सोडू नये. प्रत्येक बैठकीनंतर २४ तास ऊन टाळावे आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरावा.

सौम्य रेडिएशन हे खरेखुरे रेडिएशन आहे, पण त्याची मात्रा अगदी वेगळी असते. प्रत्यारोपणापूर्वी संपूर्ण शरीराला अनेकदा एकूण १२ ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) आसपास रेडिएशन विभागून देतात. येथे छाती व पोटाच्या भागाला एकदाच १ ग्रे देण्याची पद्धत आहे. लिम्फोसाइट पेशी किरणांना इतक्या संवेदनशील असतात की एवढ्यानेही पुष्कळ मरतात. हा अनुभव थोड्या रुग्णांपुरता आहे, आणि जीव्हीएचडीवर रक्सोलिटिनिबसारखी औषधे आल्यापासून ही वेळ क्वचितच येते. नंतर प्लेटलेट व पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी नियमित करावी लागते. पूर्वीच्या रेडिएशनची कागदपत्रे त्या डॉक्टरांना अवश्य दाखवावीत.

स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नये. खोकला टिकून राहिला किंवा जिना चढताना दम लागू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राला कळवून फुफ्फुसांची तपासणी करून घ्यावी, कारण हीच प्रतिक्रिया श्वासनलिकांपर्यंत पोहोचली तर झालेले नुकसान बहुधा भरून निघत नाही.