स्विस शॅलेचं, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या लाकडी घराचं, छप्पर इतकं पसरट का असतं? बर्फ घसरून जायला तीव्र उतार नको का?

आपल्याकडे शॅले म्हणून जे टोकदार त्रिकोणी कॉटेज विकतात ना, ते ए-फ्रेम, त्याच्यामुळे हा घोळ होतो. बर्नच्या डोंगराळ भागातल्या जुन्या शॅलेंच्या छपराचा उतार 20 अंशांच्या आसपासच असायचा, कारण खिळे महाग. लाकडाच्या फळकुट्या नुसत्याच एकावर एक रचायच्या आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचे, उतार वाढवला तर दगडच डोक्यात पडतील की! आणि बर्फ घसरून जायलाच हवा असं काही नाही, त्यात हवा अडकलेली असते त्यामुळे वर थर साचला की घर उबदार राहतं, फक्त खालचे वासे तेवढे दणकट लागतात. वळचण भरपूर बाहेर काढतात म्हणजे लाकडी भिंत भिजत नाही आणि खाली सरपण रचता येतं.

मी लोझानला राहतो, त्यामुळे व्हॅले या स्विस प्रांतातल्या गावांत बऱ्याचदा जाणं होतं. तिथे तळ दगडी आणि वर लार्च या सूचिपर्णी झाडाचे ओंडके कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, उन्हाने पार काळे झालेले, लोकांना वाटतं रंग दिलाय. तिथल्याच झरमॅट गावाच्या हिंटरडॉर्फ भागात धान्याची जुनी कोठारं नक्की बघा, प्रत्येक लाकडी खुंटावर एक चपटा गोल दगड आणि त्यावर अख्खं कोठार, उंदीर खुंटावरून चढला तरी त्या दगडाच्या कडेला उलटा लटकून पुढे जाऊ शकत नाही. भारी डोकं आहे!

आतलं म्हणाल तर बसायची खोली एकच गरम ठेवायचे. भिंतींना लाकूड, वर बुटकी तक्तपोशी, खिडक्या छोट्या आणि कोपऱ्यात सोपस्टोन या मऊ दगडाची भलीमोठी शेगडी, तिच्यावर बांधल्याचं साल आणि घराण्याचं चिन्ह कोरलेलं. लाकडं मात्र मागच्या स्वयंपाकघरातून घालायची, म्हणजे खोलीत धूर नाही की राख नाही.

काचेची अख्खी भिंत, गायीचं कातडं, शिंगं वगैरे जे इन्स्टावर दिसतं ते स्कीइंगवाल्या श्रीमंतांचं, शेतकऱ्यांचं नाही. फ्रान्समधल्या मेझेव्हला आंरी जाक ल मेम या आर्किटेक्टने 1920 च्या दशकापासून स्कीअर्ससाठी शॅले बांधली, मोठ्या खिडक्यांची फॅशन बरीचशी तिथली. मला ती आवडतात, पण जुनी म्हणून कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका.

अस्सल बघायचं असेल तर स्वित्झर्लंडमध्येच ब्रिएन्झ गावाजवळ बालेनबेर्गचं खुलं म्युझियम आहे, देशभरातली जुनी घरं उचलून तिथे पुन्हा उभी केलीत. हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळे मे ते सप्टेंबरमध्ये जा.