धूर आणि आरसे

प्रश्न : अर्थसंकल्पावरच्या चर्चेत एक वक्ते म्हणाले, 'हे सगळं स्मोक अँड मिरर्स आहे.' म्हणजे थापा असंच ना? आणि यात धूर-आरसे कुठून आले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थापा म्हणून सोडून देऊ नका. मी बरीच वर्षं नाटकांची प्रकाशयोजना केली आहे, त्यामुळे हा वाक्प्रचार मला फार जवळचा.

आधी आरसे. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगाराने तीन पायांच्या टेबलावर एक पेटी ठेवली. पेटी उघडली, तर आत माणसाचं नुसतं मुंडकं. त्याने डोळे उघडले, प्रश्नांना उत्तरं दिली! टेबलाखाली तर सगळं मोकळं दिसत होतं. ही करामत थॉमस टोबिनची. टेबलाच्या पायांमध्ये त्याने तिरके आरसे बसवले होते. लोकांना वाटे, आपल्याला मागचा पडदा दिसतोय. दिसत होते आरशात उमटलेले बाजूचे पडदे, अगदी त्याच रंगाचे. माणूस आरशांमागे गुडघ्यांवर बसलेला. एकच बोटाचा ठसा आरशावर राहिला असता तर खेळ संपला असता. ही अक्कल पाहून मी आजही थक्क होतो.

धूर त्याच्याही आधीचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाचा खेळकरी एका ओस पडलेल्या मठात भुतं दाखवायचा. काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारा चाकांवरचा दिवा पडद्यामागे मागेपुढे सरकवला की आकृती अंगावर धावून येई. काही आकृत्या तो थेट धुरावर पाडायचा. याच जातीचा दिवा आणि काचेवर हाताने रंगवलेली चित्रं घेऊन कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' हा पडद्यावरच्या चित्रांचा खेळ सुरू केला, पण तो पौराणिक कथा सांगायला.

राजकारणात ही प्रतिमा रुळली ती अमेरिकन पत्रकार जिमी ब्रेस्लिन यांच्यामुळे. १९७५ साली, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणावरच्या पुस्तकात त्यांनी सत्तेचं वर्णन करताना आरसे आणि निळा धूर वापरला.

आता तुमचा प्रश्न. टोबिनच्या टेबलाखाली दिसणारा पडदा खराच होता, फक्त तो भलत्या जागेचा होता. म्हणून जमीन विकून आलेला पैसा धंद्याची कमाई म्हणून मिरवणाऱ्या ताळेबंदाला 'स्मोक अँड मिरर्स' शोभतं. न झालेली विक्री झाली म्हणून लिहिली असेल, तर तिला सरळ लबाडी म्हणा.