नगरपंचायतीला अपक्ष उभं राहायचंय, खर्च किती येतो?

प्रश्न असा आहे : "वय २९, पुण्यात नोकरी. गाव तालुक्याचं आहे आणि तिथं पुढच्या वर्षी नगरपंचायत लागणार. अपक्ष उभं राहावं की पक्षाचं तिकीट घ्यावं? आणि साधारण किती पैसे लागतात?"

पैशाचं मागाहून सांगते. आधी हे सांगा, तुमचं नाव कुठल्या यादीत आहे? पुण्यातल्या भाड्याच्या पत्त्यावर मतदार कार्ड काढून बसला असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. नगरपंचायतीच्या यादीत नाव नाही म्हणजे छाननीत अर्ज बाद. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करूनही उपयोग नसतो, कारण राज्य निवडणूक आयोग नवी यादी करतच नाही. एका ठरावीक तारखेला विधानसभेची जी यादी असते, तीच घेतात आणि प्रभागांत फोडतात. त्या तारखेच्या आत नाव गावात आलं पाहिजे.

यादी म्हटलं की मी अशी तापते, त्याला कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मी स्वतः उभी होते आणि सहा मतांनी पडले. सहा.

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात आमचं तालुक्याचं गाव. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उभं राहायची तयारी खरं तर आमच्या ह्यांची होती. दोन वर्षं हे गणेश मंडळ, करोनात ऑक्सिजनची धावपळ, कुणाच्या मयताला, कुणाच्या साखरपुड्याला. दिवाळी नुकतीच झाली होती, आरक्षणाची सोडत निघाली. शाळेतल्या एका पोरानं बरणीतून चिठ्ठी काढली आणि आमचा प्रभाग "सर्वसाधारण महिला" झाला. ह्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. रात्री जेवताना म्हणाले, "आता तुला उभं राहावं लागणार." लागणार. म्हणजे विचारलं नाहीच.

दुसऱ्या दिवशी बॅनरचं डिझाइन माझ्याच दुकानात आलं. ह्यांचा फोटो हात जोडून पुरुषभर, माझा कोपऱ्यात पासपोर्ट साइज. मी कोरल ड्रॉ उघडलं आणि ह्यांचा फोटो डिलीट केला. त्यावरून घरात दोन दिवस अबोला. सासूबाई माझ्या बाजूनं होत्या हे मुद्दाम लिहिते, कारण सासवांबद्दल लोक नको ते लिहितात.

तर यादी. प्रारूप (म्हणजे कच्ची) मतदार यादी लागली आणि गावातला प्रत्येक इच्छुक ती घेऊन झेरॉक्सला माझ्याकडे. त्या आठवड्यात मी अख्ख्या गावाच्या यादीचे चौदा संच काढले. मशीन गरम होऊन कागद अडकायचे, मी ते ओढून काढायचे आणि पुन्हा लावायचे. आमच्या प्रभागाची पानं माझ्या हातांतून चौदा वेळा गेली. वाचली एकदाही नाही. वाचायचं काम ह्यांचं, असं घरात ठरलं होतं. माणसं ह्यांना ठाऊक, कोण कुठं राहतं, कोण लग्न होऊन गेली, कोण वारलं. हे "बघतो" म्हणाले आणि बॅनरवाल्याकडे गेले.

ओढ्याच्या अलीकडं मारुतीच्या देवळामागं चार घरं आहेत. नकाशात ती आमच्याच प्रभागात. यादीत मात्र त्यांतली १९ नावं शेजारच्या प्रभागात पडली. त्या चारांतलं एक घर माझ्या चुलत सासऱ्यांचं! हरकत घ्यायला मोजके दिवस होते. एक साधा अर्ज, सोबत घरपट्टीची पावती आणि नकाशावर बोट ठेवून दाखवायचं, एवढंच. नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर तेवढ्यासाठीच ती मुदत असते. आम्हाला हे कळलं ते मतदानाच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या वाटताना. चुलत सासरे ओट्यावर बसून म्हणाले, "सूनबाई, आमची चिठ्ठी तर दुसऱ्यांनी दिली." मी तिथंच पायरीवर बसले.

प्रचाराचं थोडक्यात. चिन्ह मिळालं कपबशी. ज्या घरात जावं तिथं एकच विनोद, "वहिनी, कपबशी तुमची आणि चहा आम्हीच पाजायचा?" आणि पाजायचेच. दिवसाला तीस-तीस घरांत अर्धा कप. पित्तानं झोप नाही. पण बायका बोलत्या झाल्या ते त्या चहामुळेच. ओटीवर पुरुषांनी विचारलं, "साहेब नाही आले?" आत चुलीपाशी गेलं की नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गटार कुठं तुंबतं, रात्री कुठल्या खांबावर दिवा नसतो, सगळं बाहेर यायचं. मी वहीत लिहून घ्यायची.

२१ डिसेंबरला मतदान झालं. आणि निकाल? तो २१ डिसेंबरनंतर लगेच नाही, १९ जानेवारीला. ओबीसी आरक्षणाचा विषय सर्वोच्च न्यायालयात होता. त्या जागांची निवडणूक थांबली, नंतर त्या सर्वसाधारण करून तिथं १८ जानेवारीला मतदान घेतलं आणि सगळी मतमोजणी एकदम १९ ला. राज्यातल्या शंभराहून जास्त नगरपंचायतींचं असंच झालं. म्हणजे आमचं नशीब मशीनमध्ये बंद करून २९ दिवस कुलपात. बोटाची शाई तेवढी रोज दिसायची. मतदानाला नखाच्या मुळाशी होती, निकालाच्या दिवशी नखाबरोबर वर सरकलेली, खाली पांढरी चंद्रकोर आलेली.

मध्येच संक्रांत. समोरची उमेदवार आणि मी एकाच घरी हळदी-कुंकवाला आमनेसामने. घरातल्या बाईला काय करू नि काय नको झालं. समोरचीनंच करंडा घेतला, मला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला हं, निदान एकोणीसपर्यंत." बाई हुशार आहे. नगरसेविका म्हणून वाईटही नाही, हे आज सांगायला हरकत नाही.

मोजणीच्या दिवशी बाहेरच्या चहाच्या गाड्यावर सगळे मोबाइलवर कवठेमहांकाळ बघत होते. तिथं आर. आर. पाटलांच्या मुलाच्या, रोहित पाटलांच्या पॅनेलला सतरापैकी दहा जागा आल्या, त्याचीच चर्चा. आमचा प्रभाग वीस मिनिटांत उरकला. ८१२ मतदार, ६७१ मतदान. तिला २२०, मला २१४, बाकी दोघींना १५१ आणि ७७. नोटाला ९. ओढ्याकडची १९ आणि नोटाची ९, हे दोन आकडे मला झोपेतून उठवून विचारा.

आता आमच्या घरातलं भांडण, ज्यासाठी मी हे एवढं लिहिलं. ह्यांचं म्हणणं, आपण पडलो कारण शेवटच्या रात्री तू पाकिटं वाटू दिली नाहीस. चार वर्षं झाली, पाहुणे आले की हेच. मी म्हणते, २१४ मतं पाकिटाशिवाय आली ना? मग आणखी सात पाकिटाशिवाय का आली नसती? ती ओढ्याच्या काठावर होती, तुम्ही बॅनरवाल्याकडे होतात. मग ह्यांचं ठरलेलं, "चौदा वेळा यादी तुझ्या हातातून गेली, तुला डोळे नव्हते?" याला माझ्याकडे उत्तर नाही. पण हे पान वाचतात, म्हणून इथं लिहून ठेवते : काम वाटून घेतलं होतं आणि ते तुमच्याकडे होतं.

हां, तुमचा खर्च. २०२५ च्या निवडणुकीत नगरपंचायत सदस्याला २ लाख २५ हजारांची मर्यादा होती, थेट नगराध्यक्षाला ६ लाख. माझ्या वहीत ८३ हजार ४०० निघाले होते आणि त्यात हॉटेलवाल्याची १४० प्लेट मिसळसुद्धा आहे, जी ह्यांच्या पोरांनी उधारीवर खाल्ली आणि जी "दाखवायची नसते" असं मला सांगण्यात आलं. मी दाखवली. निवडणूक कचेरीचं दरपत्रक असतं, खुर्ची, मंडप, चहाचा कप, सगळ्याला दर. तुम्ही लपवलं तरी ते त्यांच्या दरानं धरतात. बँकेत वेगळं खातं काढा आणि खर्च रोजच्या रोज लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, पडलेल्यांनीसुद्धा. पडलेले लोक रुसून घरी बसतात, हिशेब देत नाहीत आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात. माझ्या दुकानात असे दोघे रडत आले होते.

मर्यादेच्या वर खरा खर्च किती होतो ते तुमच्या गावात तुम्हीच बघा. आमच्या बाजूच्या प्रभागात पाकिटावर निवडून आलेला माणूस मी पाहिला आहे, तेव्हा पाकीट चालतच नाही असं मी म्हणणार नाही. हे वाक्य आमच्या ह्यांनी वाचू नये.

पक्ष की अपक्ष? नगरपंचायतीत पक्ष नसतो, भावकी असते. पक्ष नंतर चिकटतो. आमच्या वेळी सतरा नगरसेवकांतून नगराध्यक्ष निवडायचा होता, त्यामुळे नऊचा आकडा जुळवायला अपक्षाला सोन्याचा भाव. आता नगराध्यक्ष थेट जनतेतून आहे, तो भाव राहिला नाही. उलट नगराध्यक्षाच्या उमेदवाराबरोबर पॅनेलमध्ये असलात तर त्याच्या सभा, त्याची गाडी, त्याची माणसं तुम्हाला आयती. त्यामुळे मी आज उभी राहिले तर पॅनेल बघेन. पण पॅनेलमध्ये गेलात की प्रभागाची यादी कोण वाचणार हे आधी ठरवून घ्या, तिथं प्रत्येकाला वाटतं दुसरा वाचतोय.

आणखी एक, राखीव जागेवर उभे राहणार असाल तर जात पडताळणीचं आजच बघा. थकबाकी, घरी शौचालय नसणं, तीन अपत्यं यांवरून अर्ज बाद होतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. घराचं वाढीव बांधकाम तुमच्या नावावर असेल तर मात्र निवडून आल्यावरही धोका असतो, पडलेला माणूस थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

आणि तुम्ही दोन वर्षं फिरलात तरी सोडतीत प्रभाग महिलांसाठी गेला तर काय, याचा विचार केलाय का? निम्म्या जागा महिलांना आहेत. बायकोला, आईला, बहिणीला आजपासून बरोबर घेऊन फिरा आणि चिठ्ठी निघाल्यावर "तुला लागणार" म्हणू नका, विचारा. उलटंही खरं आहे बरं. सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे. तिथं बाईही उभी राहू शकते, हे गावात निम्म्यांना माहीत नसतं.

आमच्या खेपेच्या नगरपंचायतींची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. हे पुन्हा फिरायला लागले आहेत. मी यावेळी आरक्षणाची वाट बघणार नाही, प्रभाग कसलाही निघो, अर्ज माझा. परवा हे बॅनरवाल्याला फोन लावत होते. मी ओढ्याकडे गेले, वही घेऊन, आणि त्या चारही घरांत कोण कोण अठरा वर्षांचं झालंय ते लिहून आणलं. सहा पोरं आहेत. दोघांची नावं अजून कुठल्याच यादीत नाहीत.