जिम्नॅस्टची कारकीर्द विशीतच संपते असं म्हणतात. याला कुणी अपवाद आहे का?

बहुतेकींची संपते, हे खरंच. पण ओक्साना चुसोवितिना हे नाव ऐकलं नसेल तर तिचे व्हिडिओ जरूर बघा.

बाई उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याची, जन्म १९७५चा. १९९१ला सोव्हिएत संघाकडून फ्लोअरची, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींची, विश्वविजेती. पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण, पण तोवर सोव्हिएत संघ विरघळला होता, म्हणून संयुक्त संघाच्या झेंड्याखाली. इथेच थांबली असती तरी कुणी नावं ठेवली नसती.

१९९९ला मुलगा झाला, अलिशेर. २००२ला त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. उपचारांसाठी जर्मनीत कोलोनला बिऱ्हाड हलवलं. जिम्नॅस्टिक्समधल्या लोकांनी पैसे गोळा केले आणि ही स्पर्धांमागून स्पर्धा खेळत राहिली, कारण बक्षिसाचा पैसा हवा होता. २००३ला व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी घ्यायच्या प्रकाराची, विश्वविजेती झाली. २००६ला जर्मनीचं नागरिकत्व मिळालं आणि २००८ला बीजिंगमध्ये, तेहतिसाव्या वर्षी, जर्मनीसाठी व्हॉल्टचं रौप्य. मुलगाही बरा झाला.

तिच्याबद्दलच्या बातम्या बहुधा इथेच संपतात: मुलासाठी झिजलेली आई वगैरे. मला त्यापुढचं जास्त आवडतं. गरज सरली तरी बाई थांबली नाही! पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळायला लागली. हौस, दुसरं काय.

व्हॉल्टच का, तर बीमवर (अरुंद फळीवर) किंवा बार्सवर (आडव्या दांड्यांवर) बराच वेळ अंग ताणून धरावं लागतं. इथे पंचवीस मीटरची धाव, सव्वा मीटर उंच टेबलावर हाताचा धक्का, हवेत फिरायचं आणि उतरायचं. काही सेकंदांत खेळ खलास. ताकद आणि वर्षानुवर्षं मुरलेला अंदाज इथे कामी येतो. अर्थात उतरताना गुडघ्यांचं जे व्हायचं ते होतंच.

रिओ २०१६च्या अंतिम फेरीत आपली दीपा कर्माकर चौथी आली, ते आठवत असेल. त्याच फेरीत एक्केचाळीस वर्षांच्या ओक्सानानेही प्रोदुनोव्हा मारला, म्हणजे टेबलावरून सुटल्यावर पुढच्या बाजूने दोन कोलांट्या. उतरताना तोल गेला, सातवी आली. पण त्या वयात तो प्रकार करायला घेणं म्हणजे छातीच लागते.

टोकियोत ती सेहेचाळीस वर्षांची होती. अंतिम फेरी हुकली, रडत निरोप घेतला, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर काही महिन्यांतच निवृत्ती मागे! २०२४च्या मे महिन्यात, एकोणपन्नाशीच्या उंबरठ्यावर, ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतून पॅरिसचं तिकीट मिळवायला निघाली होती, पण ऐन वेळी दुखापत झाली आणि ते राहिलं.

त्याच स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण दीपाने जिंकलं. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय जिम्नॅस्टचं ते पहिलंच सुवर्ण. तेव्हा दीपाचं वय तीस होतं.